मधल्या टोकाला तीन व्होल्ट

३ नोव्हेंबर, मंगळवार

कर्रर्रर्र. साठ वर्षांपूर्वीचा आवाज, आज दाढी करताना कानात शिरला. शाळेत आमच्या वर्गाला लागून विज्ञानाची खोली होती. तिथे काचेच्या हंडीत विजेची घंटा टांगलेली असे. इकडे आम्ही शार्दूलविक्रीडितात तल्लीन, बारा अक्षरांवरचा यती घेऊन उरलेल्या सातांवर झेप घेणार, तोच भिंतीपलीकडून ती घंटा कोकलायची. मग मास्तर हंडीतली हवा ओढून घेत, आवाज बारीक होत विरून जाई आणि पोरं टाळ्या पिटत. गाणाऱ्या वस्तूला मुकं केलं म्हणून टाळ्या! विज्ञान म्हणजे काय चीज आहे ते मला त्याच वयात कळलं. पुढे मी विजेच्या वाटेला गेलो नाही. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, जगाच्या वेलांट्या सरळ केल्या, आणि घरात फ्यूज उडाला की हिला हाक मारली.

आता मात्र वाटेला जावं लागणार. परवा संध्याकाळी ही पॅसेजमधल्या पायरीवरून पडली. आमच्या घराचा पॅसेज म्हणजे दारापासून स्वयंपाकघरापर्यंतचा अंधारा बोगदा, त्यात मध्येच एक पायरी. कुठल्या मद्दड बांधकामवाल्याने ती ठेवली देव जाणे. बटण हाताशी आहे, पण ही दिवा लावतच नाही. विसरते. म्हातारपणी बाईमाणसाचं लक्ष उडतं ते असं.

चिरंजीवांचा फोन आलाच.

"बाबा, आई परत पडली?"

"पडली नाही. घसरली."

"गुडघा फुटला म्हणे."

"सोलला. फुटते ती काच."

"शब्दांचे खेळ नकोत हो. एकोणतीसला येतोय मी. तोवर ती परत पडली ना, तर दोघांनी सरळ माझ्याकडे यायचं. ते घर काढून टाकू."

काढून टाकू! तेवीस वर्षांचं घर म्हणजे याला दुखरा दात वाटतो. त्याच्याकडे मी एकदा महिनाभर राहिलो आहे. बाविसावा मजला, भिंतीएवढा टीव्ही, आणि माझी पुस्तकं पलंगाखाली चपलांच्या शेजारी. तिथे मी जायचा नाही.

म्हणाला, "निदान अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा तरी लावा. तयार मिळतो. मागवू?"

मी म्हणालो, "तयार कवितासुद्धा मिळतात. मी घेत नाही. मीच करीन दिवा."

हसला. हसू दे.

५ नोव्हेंबर, गुरुवार

वाचनालयातून विजेवरचं मुलांचं पुस्तक आणलं. पहिल्या आठ पानांत शुद्धलेखनाच्या अकरा चुका. असल्या माणसांच्या हाती वीज द्यायची!

तरी मजकूर समजला, आणि समजला म्हणजे इतका सोपा निघाला की कीव आली. बॅटरी ढकलते, त्या ढकलण्याला म्हणतात व्होल्टेज. वाटेत अडवणारा तो रोध. दोन रोध एकामागे एक जोडले की बॅटरीचं सगळं व्होल्टेज त्या दोघांत वाटलं जातं. जो जास्त अडवतो त्याला मोठा वाटा. दोघे सारखे असतील तर निम्मं निम्मं. दोघांच्या मधल्या जोडावरून तार काढली की हवा तेवढा तुकडा हाती. एवढ्यासाठी विद्वानांनी तीन पानं आकडेमोड केली आहे.

अरे, हे तर वृत्त आहे! एकोणीस अक्षरांची ओळ म्हणजे बॅटरी. यती कुठे पडतो त्यावरून तिचे दोन तुकडे: बारा आणि सात. यती सरकवा, वाटे बदलतील. बेरीज एकोणीसच. आम्ही दहाव्या वर्षी छड्या खाऊन जे शिकलो ते या लोकांना आता सापडलं.

हिला समजावून सांगितलं. "छान आहे," म्हणाली आणि पेल्यात बोट बुडवून पाणी ओतत राहिली. हल्ली नवीनच खोड. पेला काठाशी भरत आला की बोटाला पाणी लागतं म्हणे. डोळे काय दागिने म्हणून दिलेत? मी चांगलाच बोललो. तिने पेला पुसला आणि दुसरा भरला. बोट होतंच.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्या भागांच्या दुकानात गेलो. गल्लीइतकं अरुंद दुकान, छतापर्यंत खण, आणि गल्ल्यावर नाकात चमकी घातलेली पोरगेली बाई, एका हातात तारांच्या जोडांना डाग द्यायची तापलेली कांडी, दुसऱ्या हातात चहा. मी तिचं नाव डागबाई ठेवलं.

"काय हवंय आजोबा?"

"दोन समान रोध."

"काय?"

"रेझिस्टर."

"हां, तसं बोला ना. कितीचे?"

पुस्तकात दहा हजार ओहम होते, तेच सांगितले. चार सेलची डबी, टॉर्चचा बल्ब आणि आकडे दाखवणारा मीटरही घेतला. "काय बनवताय?" म्हणाली. मी सांगितलं. "बल्ब डायरेक्ट मधल्या टोकाला लावू नका हां," म्हणाली. मी म्हटलं, "बाई, पुस्तक मीही वाचलंय." तिने खांदे उडवले. दुकानदाराने गिऱ्हाइकाला अक्कल शिकवायची नवी पद्धत दिसते.

ही घरी नव्हती. मंगळवारी आणि शुक्रवारी पाचला मैत्रिणीकडे जाते, साडेसहाला येते. दोन बायका दीड तास काय बोलत असतील? पाच मिनिटांचा ऐवज असतो.

८ नोव्हेंबर, रविवार

रेझिस्टरवर रंगीत पट्टे असतात, त्यांवरून आकडा ओळखायचा. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे दहा हजार. पट्टे किड्याच्या पायाएवढे. हिला म्हटलं, "अगं, बघ जरा, हा तपकिरी की लाल?" भरतकामाच्या दोऱ्याच्या सत्तर छटा ओळखणारी बाई! तर म्हणाली, "तुम्हीच बघा बाई, माझे हात पिठाचे आहेत." रंग काय हातांनी बघायचा असतो? आळस, दुसरं काय. भरतकामाची पेटीही वर्षभर उघडलेली नाही.

असो. जोडले. सहा व्होल्टची बॅटरी, दोन सारखे रेझिस्टर, मधल्या टोकाला मीटर लावला. तीन! एक शतांशही इकडेतिकडे नाही. मी टाळी वाजवली. बरोब्बर मध्यावर यती. शाळेतले विज्ञान मास्तर आज असते तर त्यांना म्हटलं असतं, बघा, तुमचं शास्त्र आमच्या छंदशास्त्राच्या ओसरीवर बसतं.

मग तीन व्होल्टचा बल्ब त्याच टोकाला लावला.

काही नाही. काजव्याएवढंही नाही.

बल्ब काढला, मीटर लावला: तीन. बल्ब लावला: अंधार. दोन्ही एकदम लावले: मीटरवर शून्य. पुन्हा काढला: तीन. म्हणजे आहे आहे म्हणून सांगायचं आणि हात पुढे केला की खिसे उलटे करून दाखवायचे. असली माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. पण तांब्याच्या तारेतही?

९ नोव्हेंबर, सोमवार

बल्ब खराब आहे. डागबाईने फसवलं. उद्या तोंडावर फेकणार.

१० नोव्हेंबर, मंगळवार

फेकला नाही. तिने तो बल्ब थेट सेलला लावला आणि तो लख्ख लागला. दुकानातले दोघे हसले. हसणाऱ्यांच्या खिशाला पेन नव्हतं, हे मी पाहून ठेवलं आहे.

"सांगितलं होतं ना आजोबा. बसा."

खोक्यावर बसलो.

"हे बघा. खालचा रेझिस्टर दहा हजारांचा. त्याच्या शेजारी तुम्ही बल्ब लावला, तो जेमतेम दहा ओहमचा. करंटला सोपी वाट मिळाली. मग खालची बाजू दहा हजारांची राहिली का?"

"नाही."

"किती झाली?"

"दहाच्या आसपास."

"वर दहा हजार, खाली दहा. व्होल्टेज कोण खाणार?"

"वरचा." माझ्या तोंडून निघून गेलं.

"सगळं! बल्बच्या ताटात चिमूटभर."

"मग मीटर तीन का दाखवत होता?"

"मीटर काही मागत नाही हो. नुसता बघतो. बल्ब मागतो. मधल्या टोकाला विचारा, ते खरं सांगेल. काम सांगितलंत की बसलंच." तिने मला तीन पायांचा काळा दाणा दिला. "हा ट्रान्झिस्टर. मधल्या टोकाने याच्या कानात फक्त सांगायचं. पाऊण व्होल्टच्या आत सांगितलं तर हा झोपतो, वर गेलं की उठतो, आणि दिव्याचं ओझं हा उचलतो, थेट बॅटरीकडून."

सोबत उजेडाची टिकलीही दिली. पिवळ्या टिकलीवर नागमोडी रेघ. उजेडात तिचा रोध हजार ओहम, अंधारात लाखावर. दोनपैकी एक रेझिस्टर काढून ही टिकली बसवायची, म्हणजे वाटणी आपोआप सरकते.

शिकवायची हातोटी बरी आहे. तरी 'व्होल्टेज' दीर्घ ओकाराने ओढते, ते कानाला खुपतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर जोडणी. बोटाला दोन चटके. टिकली खिडकीकडे तोंड करून बसवली, दिवा पॅसेजच्या मध्यावर, पायरीच्या वर. टिकलीला वरची जागा दिली, दहा हजारांना खालची. ज्याला उजेड-अंधार कळतो तो वर आणि ज्याला काही कळत नाही तो खाली, हा न्याय जगात कुठे नाही, निदान माझ्या घरात असो.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज परीक्षा. पाचला ही मैत्रिणीकडे निघालीच होती, म्हटलं आज अंधार पडेपर्यंत थांब. मी खोलीत दारामागे, ती पॅसेजमध्ये. अंधारत आलं.

"लागला का गं?" मी ओरडलो.

"लागला हो! छान लागलाय."

मी धावत बाहेर आलो. पॅसेज काळाकुट्ट. दिव्यात उजेडाचा कणही नाही, आणि ही त्याच्याकडे तोंड करून हसतेय!

"कुठे लागलाय?"

ती दचकली. म्हणाली, "मला वाटलं, लागला."

वाटलं! दिवा लागणं ही वाटण्याची गोष्ट आहे? माझ्या दहा दिवसांच्या कष्टांकडे मान वर करून पाहण्याचीसुद्धा तसदी नाही. चाळीस वर्षं माझ्या कवितांना ही अशीच 'छान आहे' म्हणत आली असणार. हा विचार फार लागला. मी बोललो, वाईट बोललो, ते इथे लिहीत नाही. ती उशिराच मैत्रिणीकडे गेली.

१४ नोव्हेंबर, शनिवार

चूक सापडली. माझी. भर दुपारी दिवा जळताना दिसला तेव्हा. दिवसा टिकलीचा रोध कमी, म्हणजे तिचा वाटा कमी, म्हणजे खालच्याला भरपूर, म्हणजे मधलं टोक चढलेलं, ट्रान्झिस्टर जागा. संध्याकाळी टिकली लाखावर जाऊन सगळं आपणच खाते, मधल्या टोकाला अर्ध्या व्होल्टच्या आसपास उरतं, ट्रान्झिस्टर झोपतो. जगातला पहिला दिवा, जो उजेडाला उजेड दाखवतो. वर-खाली अदलाबदल केली. टिकली खाली, रेझिस्टर वर.

सहाला सात कमी असताना दिवा लागला. हळूहळू, आधी लालसर, मग पिवळा, जणू कुणी ओळ आठवत आठवत म्हणतंय. मी एकटाच होतो. डोळे भरून आले ते डाग देण्याच्या धुराने.

१६ नोव्हेंबर, सोमवार

दिवा झाला, पण चालणाऱ्याला शिस्त हवी. हिच्या बेपर्वाईवर माझा विश्वास नाही. चिरंजीव आले की त्यांच्यासमोर हिने पॅसेजमधून असं टेचात चालून दाखवलं पाहिजे की त्यांची बोलती बंद व्हावी. म्हणून आजपासून रोज संध्याकाळी दिव्याखाली तालीम.

"मंगळवारी, शुक्रवारी मी नसते," ती म्हणाली.

"मैत्रीण पळून जात नाही. घर जातंय."

म्हणाली, "बरं."

१७ नोव्हेंबर, मंगळवार

तालीम. दिवा वेळेवर. ही मात्र भिंतीला बोटं लावत चालते, पायरीपाशी पाऊल हवेत धरून चाचपते. "अगं, एवढा लख्ख उजेड आहे, भिंत कशाला कुरवाळतेस?" हात काढायला लावले. तर दोन्ही बाहू किंचित पुढे, पाण्यात उतरल्यासारखी. जणू पुढे सगळी शाळा बसली आहे आणि ही पहिल्यांदाच रंगमंचावर आली आहे. सहा वेळा चालवली. कपाळावर घाम.

"आज गेले असते तर बरं झालं असतं हो," म्हणाली.

"काय बिघडलं एका दिवसाने?"

"काही नाही."

२० नोव्हेंबर, शुक्रवार

पडली.

दिव्याचं काचेचं झाकण पुसायला मी स्टूल घेतलं होतं, ते पायरीच्या अलीकडे राहिलं. दिवा लागलेला. स्टूल बरोबर दिव्याखाली. ही आली आणि सरळ त्याच्यावर. मनगट सुजलं आहे.

मी पहिल्यांदा काय म्हणालो ते लिहितो, कारण दैनंदिनीत खोटं लिहिलं तर मग खरं लिहायला जागा कुठली? मी म्हणालो, "एवढं मोठं स्टूल दिसलं नाही?" ती जमिनीवर बसून होती. म्हणाली, "नाही दिसलं."

मग बर्फ लावला. मनगट माझ्या हातात होतं. तिने हळूच विचारलं, "त्याला सांगणार का?"

"नाही."

"सांगू नका हो. कोपरान्कोपरा ठाऊक आहे मला इथला. तिकडे मी हरवेन."

मला वाटलं होतं, हे घर फक्त मला हवं आहे.

पण एक कोडं सुटत नाही. उजेड होता. मी तिथे उभा होतो, मला तिच्या केसांतला रुपेरी धागा न् धागा दिसत होता. मग दिवा कमी पडला का? उद्या डागबाईला मोठा दिवा मागतो.

२२ नोव्हेंबर, रविवार

चिरंजीवांचा फोन. "आई कशी आहे?"

"उत्तम."

"दे तिला."

तिने फोन डाव्या हातात घेतला, उजव्या मनगटावर पट्टी. "अरे, मस्त आहे मी," म्हणाली. "बाबांनी दिवा केलाय. असा लख्ख पडतो ना, सुई दिसेल सुई."

किती गोड खोटं बोलते. पडल्याचं लपवलं, त्याबद्दल म्हणतोय मी.

मोठा दिवा बसवला. पॅसेजमध्ये आता नाटकवाल्यांनी तालीम करावी. काल आणि आज, दोन्ही संध्याकाळी तिला चालवलं. भिंतीला बोटं होतीच. मी काही बोललो नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी दिवा लागला आणि सहाच्या सुमाराला दार वाजलं. आमच्याकडे न कळवता कुणी येत नाही. मी दार उघडलं.

पन्नाशीची बाई. फिका निळा पोशाख, पाठीवर पिशवी, डोळ्यांवर गडद चष्मा, हातात पांढरी काठी. वर्गणी मागणारी असणार, असं समजून मी तोंड वाकडं केलं. ते वाकडं तोंड तिला दिसत नाही, हे लक्षात यायला एक क्षण लागला, आणि मग ते सरळ कसं करावं तेच समजेना.

"हे त्यांचंच घर ना?" तिने हिचं नाव घेतलं. लग्नापूर्वीचं नाव. "लिफ्टवाल्याने इथवर सोडलं. दोनदा आल्या नाहीत त्या, आज तिसऱ्यांदा, फोनही उचलत नाहीत. म्हटलं पडल्याबिडल्या की काय."

"आपण कोण?"

"मी शिकवते त्यांना."

"काय?"

"काठी घेऊन चालायला. आधी घरातलं झालं, आता रस्ता चाललाय. चौक ओलांडायला लागल्यात. फार हुशार आहेत हो, पण आत्ता खंड पडून चालायचं नाही." ती थांबली. माझ्या गप्प बसण्याकडे कान लावून. "तुम्ही मिस्टर ना? सांगितलं नाही त्यांनी तुम्हाला?"

मी चाळीस वर्षं छापखान्यात ओळीत निसटलेला अनुस्वार पकडला. मी म्हणालो, "नाही."

"नजर जायला लागून वर्ष झालं. आता फक्त कडेकडेचं थोडं दिसतं त्यांना. म्हणाल्या होत्या, मुलाला कळलं तर घर जाईल. आणि तुम्हाला..." तिने वाक्य सोडून दिलं.

"मला काय?"

"तुम्हाला चुका खपत नाहीत म्हणाल्या."

मी दारातच उभा. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, आणि याहून मूर्ख वाक्य मी कुणाच्या मुद्रितात कधी वाचलेलं नाही. म्हणालो, "या ना आत. उजेड आहे भरपूर."

"हो का?" ती सभ्यपणे म्हणाली आणि काठीचं टोक उंबऱ्यावर टेकवलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. इतका मोकळा, इतका ठाम आवाज मी या घरात किती दिवसांत ऐकला नव्हता.

"आलात बाई? या. डाव्या हाताला भिंत धरा. अकरा पावलं सरळ, मग एक पायरी खाली. आणि अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा, वाटेत उभे असाल."

मी होतोच. बाजूला झालो.